लग्नातला खोपा घरी घालताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

खोपा शिकायला बसायच्या आधी कंगवा बाजूला ठेवा आणि लग्नाचा कार्यक्रम एका कागदावर उतरवून घ्या. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी आहे की त्याच सकाळी? गौरीहाराला नवरी किती वाजता बसणार? मुहूर्त सकाळचा की गोरज? साड्या किती, आणि त्यात नऊवारी कधी? मामा नवरीला अंतरपाटाशी आणेल तेव्हा डोक्यावर पदर किंवा शेला असणार का? ही उत्तरं मिळाली की निम्मा खोपा ठरतो.

कारण नवरीच्या डोक्यावर त्या दिवशी काय काय होतं ते बघा. मुंडावळ्या बांधतात, काही घरांत बाशिंगही. मंगलाष्टकं चालू असताना दर ‘शुभमंगल सावधान’ला अक्षतांचा मारा होतो. हार डोक्यावरून गळ्यात पडतो. मंगळसूत्र घालताना नवऱ्याची, नाहीतर मदतीला आलेल्या वहिनीची बोटं मानेपाशी चाचपडतात. होमाचा धूर आणि धग असते. आणि सगळ्यात जास्त वेळा होतो तो वाकून नमस्कार. आजेसासूंपासून चुलत आत्यापर्यंत नवरी दिवसभर वाकत असते. खोपा ढिला पडतो तो बहुतेक वेळा केस बारीक असल्यामुळे नाही, तर तो घालताना यातलं काहीच कोणी विचारात घेतलेलं नसतं म्हणून. फोनवर सापडलेल्या फोटोतली मोकळ्या बटांची केशरचना रिसेप्शनला शोभेल. मुंडावळ्यांखाली तिचा अर्ध्या तासात गुंता होतो.

केस धुण्यापासून सुरुवात

केस लग्नाच्या आदल्या दिवशी धुवा, त्याच सकाळी नको. ताजे धुतलेले केस सुळसुळीत असतात, आकडा धरत नाहीत. शाम्पू दोनदा, कंडिशनर फक्त टोकांना, तेल आणि सिरम मुळीच नाही. हळद आदल्या दिवशी असेल तर केस हळदीनंतर धुवायचे हे ओघाने आलंच, कारण पाठीमागून गालाला हळद फासणाऱ्या मैत्रिणी केस वाचवत बसत नाहीत. केस पूर्ण वाळू द्या. आतून ओलसर राहिलेल्या केसांचा खोपा घातला तर दुपारपर्यंत कुबट वास येतो, आणि वर कितीही मोगरा माळला तरी तो लपत नाही.

रंग लावायचा असेल तर निदान आठ-दहा दिवस आधी, आणि त्याच्याही आधी कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबा. काळ्या रंगांतल्या रसायनाची ॲलर्जी पहिल्यांदाच आणि ऐन लग्नात कळणं फार वाईट. केस सरळ करून घेण्यासारखे मोठे उपचार लग्नाच्या महिन्यात टाळाच.

रंगीत तालीम दोन-तीन आठवडे आधी करा. लग्नात घालायचं ब्लाउज नवरीला घालायला लावा, कारण मागचा गळा किती खोल आहे त्यावर खोप्याची जागा ठरते. मुंडावळ्या आणल्या नसतील तर साधा दोरा कपाळाला बांधून बघा. खोपा घातला की तिला दोन तास घरात वावरू द्या, चार वेळा वाकायला सांगा, आणि मग विचारा की कुठे दुखतंय. डोकं ठणकत असेल तर पिना जास्त झाल्यात किंवा रबर फार वर बसलंय.

सामान

शेपटीचा कंगवा, दाट दातांचा कंगवा, दोन जाड रबरं, केसांच्या रंगाचा डोनट (खोप्याला आकार देणारी गोल, पोकळ गादी), लागलं तर गंगावन (जोडायचे खोटे केस), बारीक जाळी, साधे आकडे, लांब यू पिना, स्प्रे, काळा दोरा आणि बोथट टोकाची जाड सुई. सुई वाचून दचकू नका, ती कशाला लागते ते पुढे सांगते.

आकड्यांची एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: नागमोडी बाजू डोक्याच्या कातडीकडे हवी, सपाट बाजू वर. उलटा लावलेला आकडा घसरतो. आणि आकडे वापरण्याआधी कागदावर पसरून त्यांच्यावर स्प्रे मारून घ्या, पकड वाढते. लावताना मोजत चला. किती लावले तो आकडा करवलीच्या फोनमध्ये लिहून ठेवायला सांगा. रात्री त्याचा उपयोग होतो.

पाया

नवशिकी माणसं सगळा वेळ सजावटीवर घालवतात. खरं काम पायाचं. मधोमध भांग पाडा. मग एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत रेघ काढून पुढचे केस वेगळे करा आणि क्लिपांनी अडकवून ठेवा. राहिलेले मागचे केस गोळा करून पोनी बांधायची. तिची उंची कानाच्या मध्याच्या रेषेत ठेवा. त्याहून वर गेली तर डोक्यावरून घेतलेला पदर उंटाच्या पाठीसारखा वर येतो आणि मागे घसरत राहतो. खाली गेली तर खोपा मानेवर टेकतो, ठुशी आणि मंगळसूत्राचे फासे केसांत अडकतात. नवरीला छताकडे बघायला सांगा. खोप्याच्या खाली दोन बोटं जागा राहिली तर उंची बरोबर आहे.

रबर घट्ट हवं, पण कपाळाची कातडी ओढली जाईल इतकं नाही. पोनीच्या मुळाशी चार आकडे अधिक चिन्हासारखे एकमेकांवर आडवे घाला: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पुढचं सगळं वजन या चार ठिकाणांवर येणार आहे. केस फारच बारीक असतील तर पोनीच्या मुळाशी असलेल्या थरात थोडं क्रिंपिंग करा (गरम चिमट्याने बारीक नागमोडी घड्या पाडा) किंवा उलटा कंगवा फिरवा. फक्त आतल्या थरात, वरच्या थराला हात लावू नका.

आता सुई. अमेरिकेत बाल्टिमोरमधल्या जॅनेट स्टीफन्स या व्यवसायाने केशरचनाकार. प्राचीन रोमन पुतळ्यांवरच्या उंच, गुंतागुंतीच्या केशरचना आजच्यासारख्या पिनांनी उभ्याच राहत नाहीत, हे त्यांच्या हातांना जाणवलं. त्यांनी त्या केशरचना खऱ्या केसांवर करून पाहिल्या आणि २००८ साली रोमन पुरातत्त्वाच्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकात मांडलं की त्या सुई-दोऱ्याने शिवलेल्या असाव्यात. आयुष्यभर पुस्तकं वाचणाऱ्या अभ्यासकांच्या लक्षात न आलेली गोष्ट कंगवा धरणाऱ्या बाईच्या लक्षात आली, याचा मला अजून आनंद वाटतो. आपल्यासाठी त्यातला धडा सोपा आहे. गंगावन किंवा सुटी वेणी खोप्याला धरून ठेवायची असेल तर दहा पिना खुपसण्यापेक्षा सुईने चार टाके घाला. टाका केसांच्या दोन थरांतून जाईल, कातडीजवळही जाणार नाही. वजन पसरतं आणि डोकं दुखत नाही. उतरवताना दोरा कापला की झालं. दोरा मात्र काळा पण चकचकीत नसलेला घ्या, म्हणजे फोटोत दिसणार नाही आणि कापताना बोटांना केसांपेक्षा वेगळा लागेल.

आकार

पोनीतून डोनट मुळापर्यंत सरकवा आणि आकड्यांनी पायाला अडकवा. केस डोनटवरून चारी बाजूंनी सारखे पसरा, वरून दुसरं रबर चढवा. डोनट कुठे दिसत नाही ना, हे नवरीच्या नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी तपासा. उरलेल्या टोकांच्या दोन सैल वेण्या घाला आणि एक उजवीकडून, एक डावीकडून खोप्याच्या कडेने फिरवून टोकं खाली दडवा. मग जाळी. जाळी घालायला लाजू नका. कोकणात मे महिन्यातल्या लग्नात तिच्याशिवाय दुपारनंतर प्रत्येक केस स्वतंत्र उभा राहतो.

यू पिन नुसती आत ढकलायची नसते. आधी ती खोप्याच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून थोडे केस पकडायचे, मग फिरवून पायाच्या दिशेने आत न्यायची. अशी अडकलेली पिन वाकलं तरी निघत नाही.

नऊवारीवर पूर्ण गोल खोप्यापेक्षा आडवा, थोडा चपटा खोपा शोभतो. डोनट हाताने दाबून लंबगोल केला की तो आकार येतो. मोठा खोपा म्हणजे चांगला खोपा, हा हल्लीचा समज आहे. नवरीची मान बारीक असेल तर डोक्याच्या निम्म्या रुंदीपेक्षा मोठा खोपा घालूच नका.

मागची बाजू पुढच्याइतकीच नीट करा. पुढचे फोटो सगळेच काढतात, पण होमाला बसलेली नवरी मागच्या रांगांना बहुधा पाठमोरीच दिसते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला हस्तिदंताच्या छोट्या स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. त्यांच्याशी नातं सांगणारी एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात ती व्यापाराबरोबर पोचली असणार. इतक्या लहान मूर्तीतही कारागिराने केसांची गुंफण टाळलेली नाही. तेरच्या संग्रहालयात कधी गेलात तर सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्तींची डोकी निवांत बघा, खोप्याच्या जागेबद्दल भरपूर कल्पना मिळतात.

पुढचे केस शेवटी. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस कानावरून मागे नेऊन पोनीच्या मुळाशी अडकवा. थोडा फुगवटा हवा असेल तर तो टाळूवर घ्या, कानाच्या वर नको. कानाच्या वरचा भाग सपाट राहिला पाहिजे, कारण तिथूनच मुंडावळ्यांचा दोरा जाणार आहे. त्याची गाठ मागे खोप्याच्या वरच्या कडेखाली दडवा आणि दोन्ही बाजूंना कानामागे एकेक आकडा लावा, म्हणजे मुंडावळ्या भुवयांवर उतरत नाहीत. बाशिंग असेल तर त्याचा दोरा पायातल्या आकड्यांखालून घ्या, ते वजनाला जास्त असतं. मानेवरचे बारीक केस थोड्या जेलने वर बसवा. मंगळसूत्र घालणाऱ्याचे तुम्हाला आशीर्वाद मिळतील.

स्प्रे मुंडावळ्या बांधण्याआधी मारा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रे पेट घेणारा असतो. लाजाहोमाच्या आधी करवली धावत येऊन मंडपातच फवारा मारायला लागली तर तिचा हात धरा.

दागिने आणि फुलं

पेशवाईच्या वळणाचे केसांतले दागिने आजही सराफाकडे मिळतात: मूद, राखडी, केवडा, अग्रफूल, बिजवरा, आणि अंबाड्यात खोचायची सोन्याची फुलं. सगळं एकदम घालायचा मोह होतो, विशेषतः आजीने डबा उघडला की. एक मोठा आणि दोन-तीन छोटे इतकं पुरतं. मोठा दागिना खोप्याच्या मधोमध, पायाच्या बरोबर समोर. खऱ्या सोन्याचा असेल तर नुसत्या काट्यावर विसंबू नका, काळ्या दोऱ्याने जाळीला बांधून टाका.

गजरा किती लांब हवा ते आधी दोऱ्याने खोप्याभोवती मोजा आणि तो दोरा फुलवाल्याकडे न्या. माळताना पिन कळ्यांतून नव्हे, गजऱ्याच्या दोऱ्यातून घाला, नाहीतर तासाभरात टोचलेल्या कळ्या तपकिरी पडतात. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, म्हणून सकाळच्या मुहूर्ताला आदल्या दिवशी घट्ट कळ्यांचा गजरा घेऊन केळीच्या पानात किंवा ओलसर फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवावा. तुळशीच्या लग्नानंतर लगेचच्या मुहूर्तांना चांगला मोगरा मिळणं कठीण, तेव्हा शेवंती आणि अबोली घ्या. अबोलीला वास नाही, पण रंग दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. कोकण-गोव्याच्या बायका उगीच तिच्या प्रेमात नाहीत. सिंधुदुर्गात लग्न असेल आणि उन्हाळ्याची सुरुवात असेल तर सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, मिळवाच, सुकला तरी घमघमतो. सोनचाफा मात्र सगळ्यात शेवटी खोचा. हात लागला की तो काळवंडतो.

गजरे नवरीपुरते आणू नका. आणि वाटणारीला आधीच सांगून ठेवा की नवरा गेलेल्या काकूला, आईला, मावशीला वगळायचं नाही. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. एवढं होऊनही कितीतरी लग्नांत गजऱ्याचं ताट काही खुर्च्या चुकवून पुढे जातं. केसांचं काम करणाऱ्या माणसाच्या हातात ते ताट असतं, म्हणून हे इथे लिहिलं.

केस लहान, कुरळे किंवा अगदीच कमी असतील तर

कुरळे केस सरळ करायच्या भानगडीत पडू नका. खोप्याला जो भरीवपणा लागतो तो त्यांच्यात आयताच असतो. फक्त पुढचा भाग थोडं पाणी लावून ब्रशने मागे बसवा.

खांद्यापर्यंतच्या केसांची पोनी होते, पण डोनटवर पसरायला केस पुरत नाहीत. तिथे डोनट लहान घ्या आणि वरून गंगावनाची वेणी फिरवून शिवा. बॉबकट असेल तर डोक्याच्या मागच्या मधल्या भागात दोन छोट्या, घट्ट वेण्या आडव्या घाला, त्यांची टोकं एकमेकींना टाके घालून जोडा. हाच पाया. यावर तयार खोपा शिवायचा. गंगावन नवरीच्या केसांच्या टोकांच्या रंगाशी जुळवा, मुळांच्या रंगाशी नाही. खोप्यात टोकांकडचेच केस दिसतात.

तयार खोपा वापरणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणारी एखादी आत्या प्रत्येक लग्नात भेटते. तिला सांगा की जपानमध्ये पारंपरिक किमोनोतल्या नवरीची ती उंच, गुळगुळीत केशरचना हल्ली बहुतेक वेळा अखंड टोपच असते, आणि त्यावर पांढरं वस्त्रही बसवतात. तिथे कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आजारपणात केस गेले असतील तर चांगला टोप आधी बसवून घ्या, तालमीच्या दिवशी त्यावरच खोपा घाला, आणि त्या खोलीत नवरी सांगेल तेवढीच माणसं राहू द्या.

परदेशात लग्न असेल आणि केस तिथल्या सलूनमध्ये करायचे असतील तर फोटो पाठवून भागत नाही. मुंडावळ्या सोबत न्या, अक्षता आणि होम काय असतो ते सांगा, वाकून दाखवा. ताजी फुलं विमानाने न्यायच्या मागे लागू नका, बऱ्याच देशांत ती विमानतळावरच काढून घेतात. तिथल्या फुलवाल्याकडून पांढरी छोटी फुलं घेऊन स्वतः ओवा, किंवा चांगली कापडी वेणी इथून न्या.

उतरवताना

खोपा त्याच रात्री उतरवायचा, कितीही उशीर झाला तरी. खोप्यासकट झोपलं तर सकाळी मान आखडते आणि गुंता दुप्पट होतो. आधी सोन्याचे दागिने दोरे कापून काढा आणि लगेच डब्यात ठेवा. मग फुलं, मग जाळी आणि टाके, आणि शेवटी आकडे, खालून वर. करवलीच्या फोनमधला आकडा आणि बाहेर निघालेले आकडे जुळले पाहिजेत. एखादा राहिलेला असेल तर बोटांनी चाचपून शोधा, कंगव्याने नाही.

कोरड्या केसांत कंगवा घालायचाच नाही. स्प्रेने कडक झालेल्या केसांना खोबरेल तेल किंवा भरपूर कंडिशनर चोळा, पंधरा मिनिटं थांबा, मग टोकांकडून सुरुवात करून बोटांनी मोकळे करत वर जा. अक्षता याच वेळी आपोआप गळतात, त्यामुळे खाली जुनी चादर अंथरा. केस धुवायचे तर दुसऱ्या दिवशी, कोमट पाण्याने. पुढचे चार-पाच दिवस सैल वेणी किंवा मोकळे केस. पूजेला पुन्हा खोपा हवाच असेल तर पोनीची जागा बोटभर वर किंवा खाली सरकवा, म्हणजे त्याच मुळांवर पुन्हा ताण येत नाही. दागिने लॉकरमध्ये जाण्याआधी मऊ ओल्या फडक्याने पुसून वाळवा. स्प्रेचा थर राहिला तर त्यावर धूळ बसून फुलांच्या पाकळ्यांमधल्या फटी काळ्या दिसायला लागतात.